एक बोट हो, दोन बोटं नाही

तिच्या खुर्चीत माणसं घाबरली होती, रडली होती, एका आजोबांनी तर तिच्या बोटाचा चावाही घेतला होता. पण झोपलं कुणी नव्हतं. आणि हा बुवा… लांब पल्ल्याची बस चालवणारा, दाढेचा तुकडा पडला म्हणून वेळ न घेताच आलेला… भुलीचं इंजेक्शन दिल्यावर ती हातमोजे बदलेपर्यंत चक्क घोरायला लागला!

"हाताला गुण आहे हो डॉक्टर तुमच्या," क्लिनिकमधल्या मदतनीस मावशी खुदखुदल्या.

तीही हसली. चेहरा छान होता त्याचा, उन्हानं रापलेला, झोपेतही किंचित हसरा. जरा जास्तच वेळ पाहत राहिली ती. म्हणूनच तिच्या लक्षात आलं… घोरणं मध्येच थांबलं होतं. छाती धडपडत होती, पण श्वास येत नव्हता. दहा सेकंद… पंधरा… वीस. ती खांद्याला हात लावणार, तोच तो घुसमटून दचकला आणि पुन्हा घोरू लागला.

तिचं हसू मावळलं. तिचे बाबा असेच जेवता जेवता पेंगायचे आणि सगळं घर त्यांच्या घोरण्याची टिंगल करायचं. "घोरतायत म्हणजे गाढ झोपलेत," आई म्हणायची. बाबा अकाली गेले. ती झोप गाढ नव्हतीच, हे तिला पुढे कॉलेजात शिकताना कळलं.

तिनं त्याला उठवून नीट तपासलं. घासून सपाट झालेल्या दाढा, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, अरुंद घसा.

"दिवसा पेंग येते? अंहं, बोलू नका. एक बोट हो, दोन बोटं नाही." पेशंटच्या तोंडात आरसा असतानाच तिला सगळे प्रश्न सुचायचे.

एक बोट.

"सकाळी डोकं दुखतं?"

एक बोट.

"रात्री घोरता?"

त्यानं हात पसरले. तिनं आरसा काढला.

"मला कसं कळणार? घरात एकटाच असतो. सांगायला कुणी नाही…" त्याचे डोळे मिश्कील झाले. "तुम्ही पहिल्याच."

तिचे कान तापले. पण दाढ भरून झाल्यावर बोलायचं ते ती बोललीच. "झोपेत तुमचा श्वास अडकतोय असं वाटतंय. खात्री मी देऊ शकत नाही, ती झोपेच्या तपासणीतच होईल. चिठ्ठी देते. आणि तोवर… बस चालवू नका."

त्याचा चेहरा उतरला. "दाढ दाखवायला आलो होतो. तुम्ही तर पोटावरच पाय देताय."

"गाडीत माणसं असतात हो."

"बारा वर्षांत साधा ओरखडा नाही माझ्या गाडीला!"

चिठ्ठी खिशात कोंबून तो गेला. दार जरा जोरातच लागलं.

मग तीन आठवडे दार उघडलं की तिची मान वर जायची. कधी तो येत नाही म्हणून वाईट वाटायचं, कधी तो रस्त्यावर असेल या विचारानं ती पेपरातल्या अपघातांच्या बातम्या चाळायची. मावशी म्हणाल्या, "दाढ फारच चांगली भरलीत. परत यायला निमित्तच ठेवलं नाहीत त्याला."

पण तो आला. हातात तपासणीचा रिपोर्ट होता.

"त्याच आठवड्यात गाडी मुक्कामाला लावली," तो खाली बघत म्हणाला, "आणि शेवटचे दोन थांबे आठवेचनात. चाळीस माणसं होती मागे… किल्ली साहेबांच्या टेबलावर ठेवली. सध्या तिकीट खिडकीवर बसतो. झोपेचे डॉक्टर म्हणाले, तुमच्या दातांच्या डॉक्टरच उपकरण बनवतील."

रात्री दातांवर बसवायचं, खालचा जबडा थोडा पुढे धरून श्वासाची वाट मोकळी ठेवणारं उपकरण. त्यासाठी दातांचं माप हवं. तिनं मापाचा थंडगार लगदा त्याच्या तोंडात बसवला.

"तीन मिनिटं हलायचं नाही. रागावलात का माझ्यावर?"

दोन बोटं.

"मला वाटलं, परत येणारच नाही तुम्ही. रोज दाराकडे बघत होते…" ती बोलून गेली. तोंड भरलेल्या माणसाशी बोलणं किती सोपं असतं!

तो ताडकन उठून बसला, काहीतरी बोलायला गेला… आणि माप बिघडलं. पुन्हा घ्यावं लागलं. वाईट मात्र दोघांनाही वाटलं नाही.

दोन महिन्यांनी, उपकरण लावून झालेल्या दुसऱ्या तपासणीत श्वास नीट चालल्याचं दिसलं. किल्ली परत मिळाली, तेव्हा तो आधी तिच्याकडेच आला. तिनं त्याच्यासमोर एक पाकीट ठेवलं.

"तुमची फाइल. पलीकडच्या गल्लीतले डॉक्टर यापुढे तुम्हाला बघतील."

तो पांढराफटक पडला. "माझं काही… चुकलं?"

"हो. तुम्ही पेशंट आहात, हेच चुकलं. पेशंटबरोबर मी चहाला जात नाही."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"मग एक विचारू, डॉक्टर? मी आता घोरतो का… हे सांगायला, पुढेमागे, आयुष्यभर… कुणी मिळेल का मला?"

आत मावशींच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला. मान खाली घालून तिनं हळूच एक बोट वर केलं.