पिशव्यांतली उंबरं

आधी कोडं ऐका. बागेतल्या अंजिराला पिशवी घातली, की ते रसरशीत पिकतं. उंबर म्हणजे अंजिराचं चुलत भावंड. मग त्याच पिशव्या उंबराला घातल्यावर एकूण एक फळ हिरवंच का गळून पडलं?

हे कोडं पडलं होतं कृष्णाई कामथेला. शाळेच्या बांधावरच्या उंबराखाली ती उभी होती. आजूबाजूला पिशव्यांसकट गळालेल्या कच्च्या फळांचा सडा पडला होता आणि तिला रडू आवरत नव्हतं.

पुरंदरच्या पायथ्याच्या त्या गावात शाळा सुटली, की शिवारवर्ग भरायचा. पावसाळ्यात रोपं लावायची, थंडीत अंजिराच्या बागेत राबायचं आणि उन्हं तापू लागली, की रानातली झाडं सांभाळायची. मदतीला एक यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र) होता. हात लांबच लांब, पण विचारल्याशिवाय चकार शब्द काढायचा नाही. मुलांनी स्वतःच्या डोक्याने प्रश्न शोधावेत म्हणून गावकऱ्यांनीच तो तसा बनवून घेतला होता. पोरं त्याला ठोंब्या म्हणत. त्यालाही ते चालत असावं, कारण त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं.

उंबर मात्र अप्पांचं. अप्पा म्हणजे कृष्णाईचे आजोबा, जन्मभर कीटकांचा अभ्यास केलेले शास्त्रज्ञ. मोठ्या दुष्काळात खोऱ्यातली उंबरं वाळून गेली. ओढ्याकाठचं एक तेवढं तगलं. दुसरं अप्पांनी बांधावर लावलं आणि तळहाताच्या फोडासारखं जपलं. यंदा ते पहिल्यांदाच फळांनी लगडलं, आणि नेमकं त्याच वेळी अप्पांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यावं लागलं. गाडीत बसताना ते एवढंच म्हणाले, "कृष्णे, माझ्या उंबराला सांभाळ गं."

कृष्णाईने सांभाळलं. अंजिराच्या बागेत शिकली होती तस्सं. माशी नको, वटवाघूळ नको, पाखरू नको, म्हणून तिने फळांच्या घोसाघोसाला बारीक मलमलीच्या पिशव्या बांधल्या. हात पोचेना, तिथे ठोंब्याने बांधल्या. अप्पा परत येतील आणि पाठ थोपटतील, या आनंदात ती होती. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

आज अप्पा घरी आले होते. अंगात त्राण नव्हतं, तरी काठी टेकत थेट बांधावर आले. त्यांनी झाडाकडे पाहिलं. त्यांनी एक पिशवी उचलून हातावर पसरली. बाहेरच्या बाजूला बारीक काळे ठिपके चिकटले होते.

"धूळ आहे का, अप्पा?"

"धूळ नव्हे, बाळा. केंबरं आहेत (उंबरात राहणारे बारीक कीटक). मेलेली."

कृष्णाईने डोळे पुसले. "बघा, पिशव्या होत्या म्हणून बरं. नाहीतर सगळी आत घुसली असती."

अप्पांचा चेहरा उतरला. ते बांधावर हळूच खाली बसले आणि तिलाही त्यांनी जवळ बसवून घेतलं.

"कृष्णे, उंबराचं फूल पाहिलंयस कधी?"

"ते कुठं कुणाला दिसतं? फार दिवसांनी कुणी आलं, की आई म्हणतेच ना, अगदी उंबराचं फूल झालात म्हणून."

अप्पांनी गळालेलं एक फळ फोडून तिच्यापुढे धरलं. आत खसखशीएवढ्या फुलांची दाटी होती.

"दिसत नाही, कारण ते आत असतं. आपण ज्याला कच्चं फळ म्हणतो, ती खरं तर फुलांनी भरलेली बंद डबी. आता सांग, बी धरायचं तर फुलाला काय लागतं?"

"परागीभवन (एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोचणं)."

"आणि या डबीत मधमाशी शिरेल?"

कृष्णाईने फळाच्या तोंडाशी असलेलं टाचणीएवढं भोक पाहिलं. "नाही मावायची."

"केंबराची मादी मावते. तीही कशीबशी. शिरताना तिचे पंखसुद्धा तुटून जातात. येताना तिने दुसऱ्या उंबरावरचे पराग आणलेले असतात. ते ती आतल्या फुलांना देते, काही फुलांमध्ये अंडी घालते आणि तिथंच मरते. काही फुलांचं बी होतं, काहींत तिची पिल्लं वाढतात. पिल्लं मोठी झाली, की त्यांतल्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि नवं उंबर शोधतात. याला सहजीवन म्हणतात (दोन जिवांनी एकमेकांच्या आधाराने जगणं). ज्या डबीत केंबरू शिरलं नाही, ती झाड टाकून देतं. कशाला पोसायची?"

"पण अंजीर? त्याला तर पिशवी चालते."

"आपल्या बागेतलं अंजीर परागाशिवायच पिकतं. बी असतं पोकळ. नवं झाड हवं, तर माणूस फांदी तोडून लावतो. माणूस आहे, म्हणून त्याचं भागतं. रानातल्या उंबराला कोण आहे?"

कृष्णाईने ओढ्याच्या दिशेने पाहिलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "ओढ्याच्या उंबरातली केंबरं इकडं आली होती?"

"हो. ती मीच आणली होती. घाटाखालच्या रानातून, फळांसकट, टोपलीत घालून, आणि ओढ्याच्या उंबराखाली ठेवली होती. त्यांची पिल्लं आता बाहेर पडली. त्यांचं आयुष्य दिवसा-दोन दिवसांचं. तेवढ्यात त्यांना हे झाड सापडलं पण होतं."

"आणि मी सगळी दारं बंद करून ठेवली होती."

अप्पांनी नाही म्हटलं नाही. कृष्णाई ताडकन ठोंब्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"होतं," ठोंब्या म्हणाला. "विचारलं नव्हतं."

"त्याच्यावर चिडू नकोस. तो तसा आपणच केलाय," अप्पा म्हणाले. "उद्या गावाला सांगू, काही गोष्टी न विचारताही सांगायला हव्यात म्हणून."

"आता खोऱ्यात एकही केंबरू नाही?"

"एकही नाही. ओढ्याच्या झाडावर आत्ता कोवळं फळ नाही, त्यांना शिरायला हेच एक झाड होतं. झाडं पुन्हा फळतील, पण रिकामीच गळतील. पाखरांना काही मिळायचं नाही, नवं रोप उगवायचं नाही. केंबरं पुन्हा घाटाखालून आणावी लागतील."

"मग आपण आणू ना, अप्पा."

अप्पांनी छातीवरच्या टाक्यांवर हात ठेवला. "मला आता घाट उतरता यायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, आणि मलाही कळतंय."

ते ऐकून कृष्णाईचा बांध फुटला. तिने त्यांच्या कुशीत तोंड खुपसलं. आजोबांनी इतकी वर्षं वाट पाहिली, आणि तिने सगळं मातीत घातलं. तेही प्रेमाने. याचं तिला सगळ्यात वाईट वाटत होतं.

"अप्पा, तुम्ही रागवा ना मला."

"राग आलाय गं, खोटं कशाला सांगू? पण रागावण्यात घालवायला माझ्याकडे फार दिवस उरले नाहीत. ते शिकवण्यात घालवीन म्हणतो. थोडी मोठी झालीस, की घाटाखाली तुला जायचंय. डोळे पूस. केंबरांनी भरलेलं फळ कुठलं आणि रिकामं कुठलं, कसं ओळखशील?"

"नाही येत ओळखता," ती हुंदका गिळून म्हणाली.

अप्पांनी एक हिरवं फळ तिच्या हातात दिलं आणि ते सांगू लागले. बोलताना त्यांना धाप लागत होती, मधेच थांबावं लागत होतं. एकही शब्द सांडू नये म्हणून कृष्णाई त्यांना आणखी चिकटून बसली.