परतओढ

"आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?"

चष्म्याच्या दुकानातल्या उंच खुर्चीवर बसून, नाकावर तपासणीची जड चौकट सांभाळत, तिने खरं तर समोरच्या अक्षरांकडे बघायला हवं होतं. पण तिचं सगळं लक्ष भिंगं बदलणाऱ्याच्या बोलण्याकडे होतं. खांदा आणि कान यांच्यात फोन धरून तो कुणाशी तरी हुज्जत घालत होता. विषय कालचा भाग. कप्तानबाईंनी यान सोडताना डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, म्हणून पलीकडचा त्यांना दगडाची म्हणत असावा. "माणसं फक्त डोळ्यांनीच रडतात असं तुला कुणी सांगितलं?" एवढं बोलून त्याने फोन ठेवला. हेच वाक्य तिने सकाळी वाचलं होतं.

म्हणजे लोलक तो हा...

'दूरयान' ही अंतराळातली परदेशी मालिका ती शाळेत असल्यापासून चालू होती. शुक्रवारी संध्याकाळी नवा भाग यायचा आणि शनिवारी सकाळी चाहत्यांचं पान ओसंडून वाहायचं. कुणी ढसाढसा रडायचं, कुणी लेखकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं, कुणी चित्र थांबवून थांबवून यानातल्या दिव्यांचे अर्थ लावत बसायचं. या सगळ्या गदारोळात लोलक नावाने लिहिणाऱ्याची प्रतिक्रिया मात्र झाडून सगळे वाचत. तीही वाचायची, डबा खाता खाता, चोरून. चोरून अशासाठी, की पडद्यावर खाली उमटणाऱ्या आपल्या भाषेतल्या ओळी तीच लिहायची आणि लोलक दर आठवड्याला त्या ओळींची सालटी काढायचा. "सबटायटल लिहिणारे गृहस्थ गणिताचे मास्तर असावेत," असं त्याने एकदा लिहिलं, तेव्हापासून स्टुडिओत तिचं नाव मास्तर पडलं होतं.

"आधीचं बरं होतं," ती म्हणाली.

"आधी तुम्ही एक अक्षर वाचलं नव्हतं."

"तुमचं भांडण ऐकत होते. ते बरं होतं."

तो हसला. हसताना तो खाली बघायचा, जणू हसणं ही काहीतरी लपवायची गोष्ट होती. या माणसावर रागवायचं असं तिने कित्येक महिने ठरवून ठेवलं होतं. तो राग कुठे गेला ते तिला कळलंच नाही.

मग चष्मा नाकावर टोचायला लागला. मग दांडी सैल झाली. मग काचेवर ओरखडा आला, जो त्याला कितीही शोधून सापडला नाही. प्रत्येक वेळी गाडी 'दूरयान'वर यायची आणि तिथून सबटायटलवर. आपण कोण ते तिने सांगितलं नाही. भाग दिसेपर्यंत त्यातला एक शब्दही बाहेर जाता कामा नये, असा स्टुडिओचा नियम होता. पण खरं सांगायचं तर नियमाचं निमित्त होतं. ते मास्तर आपणच हे कळलं, की तो आपल्याशी असा मोकळा बोलणार नाही, ही तिची खरी भीती होती.

त्या गुरुवारी तो फारच रंगात आला होता. मालिकेत एक मेलेला ग्रह होता. ज्यांनी तो एकदा सोडला त्यांची यानं तो पुन्हा मागे खेचायचा. या ओढीला सबटायटलमध्ये नाव होतं 'प्रतिगामी गुरुत्वाकर्षण'.

"प्रतिगामी," तो हातातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर नाचवत म्हणाला. "हे गुरुत्वाकर्षण काय निवडणुकीला उभं राहणार आहे?"

तिला हसूही आलं आणि झोंबलंही. "मग काय परतओढ म्हणायचं?" ती बोलून गेली.

त्याचा हात थांबला. त्याने तो शब्द हलकेच उच्चारून बघितला, मग पुन्हा एकदा... आणि तिच्याकडे असं बघितलं की तिला चष्मा काढून पुसावा लागला. हा शब्द त्याच्याच टोमण्यांमुळे तिने रात्रंदिवस डोकं खाजवून काढला होता, आणि उद्याच्या नव्हे, त्याच्या पुढच्या शुक्रवारच्या भागात तो आधीच घातला होता, हे तिला त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही.

आठवलं ते शनिवारी. लोलकच्या प्रतिक्रियेचा मथळाच 'परतओढ' होता. दुपारपर्यंत तो शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी झाला. ती ते वाचत बसली. तो भाग दिसायला अजून सहा दिवस होते.

सोमवारी बाईंनी, म्हणजे स्टुडिओच्या मालकिणीने, सगळ्यांना केबिनमध्ये उभं केलं. न दिसलेल्या भागातला शब्द चाहत्यांच्या पानावर गेलाच कसा? कुणी फोडला? तो भाग फक्त दोघांनी बघितला होता, तिने आणि ओळींच्या वेळा जुळवणाऱ्या भाऊंनी. बाईंची नजर भाऊंवर जाऊन थांबली, कारण ते त्या पानाचे जुने सभासद होते. भाऊंचा चेहरा उतरला. उद्या सकाळपर्यंत खरं काय ते कळलं नाही तर आपण आपल्या पद्धतीने निकाल लावू, असं सांगून बाईंनी सगळ्यांना बाहेर घालवलं.

संध्याकाळी ती दुकानात गेली. चष्म्याला काहीही झालेलं नव्हतं. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगून टाकलं. तो बराच वेळ काउंटरवरची एकच काच पुसत राहिला.

"म्हणजे ते मास्तर... तुम्ही?"

"हो."

"आणि मी इतके दिवस तुमच्याच तोंडावर..." त्याने काच खाली ठेवली. मग एकदम म्हणाला, "मी लिहितो. शब्द मला सुचला होता, योगायोगाने जुळला, असं लिहितो. तुमच्यावर काही यायचं नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान तिने हलवली ती नकाराची. शुक्रवारी भाग दिसल्यावर लोक त्यालाच चोर म्हणतील, हे तर होतंच. शिवाय तो शब्द तिचा होता, आणि तो तिला कुणालाही द्यायचा नव्हता, त्यालाही नाही. तसं तिने सांगितलं. सांगताना आवाज जरा चढलाच. तो दुखावला असावा, कारण ती निघाली तेव्हा त्याने खाली घातलेली मान वर केली नाही.

सकाळी ती भाऊंच्या आधी केबिनमध्ये गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पेनाचं टोपण लावून त्या म्हणाल्या, "बाहेरच्याला सांगितलं असेल तर मालिका हातातून जाणार. घरच्या माणसाच्या कानावर पडलं असेल, तर मी समज देऊन सोडते. घरी काम करताना असं होतं कधीतरी. आता नीट विचार करून सांग. तो तुझा कोण?"

बाई तिला वाट करून देत होत्या. होणारा नवरा, एवढे दोन शब्द पुरले असते. आयुष्यातली इतकी वर्षं तिने या मालिकेला दिली होती, आणि ती टिकवायला दोनच शब्द हवे होते. ते जिभेवर आलेसुद्धा... पण ज्या माणसाने कालपासून साधा फोन केला नव्हता, त्याच्या नावावर तिला असं परस्पर नातं लावता येईना.

"बाहेरचा," ती म्हणाली.

बाईंनी मालिका काढून घेतली, नोकरी ठेवली. उद्यापासून पाणी तापवायच्या यंत्रांचे माहितीपट तिच्या टेबलावर येणार होते.

ती बाहेर आली तर रस्त्याच्या पलीकडे तो उभा होता. दुकान उघडायची वेळ कधीच उलटून गेली होती. काही न विचारता तो तिच्या बरोबरीने चालायला लागला.

"काय झालं?" त्याने कोपऱ्यावर आल्यावर विचारलं.

तिने सांगितलं. बाईंचा प्रश्न सांगितला, आपलं उत्तर सांगितलं.

"बाहेरचा," तो पुटपुटला.

"मग काय सांगणार होते? खोटं बोलायचं होतं?" ती म्हणाली. "किती जड गेलं म्हणून सांगू... 'दूरयान' गेलं त्याचं रडू आलं नाही. तो एक शब्द बोलताना आलं."

तो थांबला. लोक बाजूने धक्के देत जात होते, तरी हलला नाही.

"काल मी गप्प बसलो," तो म्हणाला, "ते रागाने नव्हे. लाजेने. आणि... आणि आता समजा, बाई नाही, मी विचारलं तर? मी तुमचा कोण?"

तिने मान वर केली. त्याची नजर या वेळी खाली नव्हती.

"माझा," ती म्हणाली. "कोण, ते सावकाश ठरवू."