स्पंज पांघरलेला नवरदेव

एक खेकडा हवा होता. एकच, पण तो नर हवा होता. एवढ्यासाठी चार मोठी माणसं सकाळी सकाळी एका लहानशा बोटीत बसून उघड्या समुद्रात निघाली होती, आणि त्यातल्या एकाला तर बोट धक्क्याला बांधलेली असतानाच मळमळायला लागलं होतं.

"नवरदेव आणायला निघालोय आणि वऱ्हाडाची ही अवस्था!" नणंद खदखदून हसली.

"वन्सं, जरा दम धरा," वहिनी म्हणाली. ती आपल्या नणंदेला असं जुन्या वळणाने 'वन्सं' म्हणू लागली की समजावं, स्वारी खुशीत आहे.

बोटीवर सगळेच तिला वहिनी म्हणत. एरवी ती एका संग्रहालयाच्या तळघरात बसायची. तिथे छतापर्यंत बाटल्या, बाटल्यांत स्पिरिट आणि स्पिरिटमध्ये जगभरचे खेकडे आणि कोळंब्या. नवी जात सापडली की तिचं बारकाईने वर्णन करायचं आणि तिला नाव द्यायचं, हे तिचं काम. लोक माणसांना नावं ठेवतात, ही बाई खेकड्यांना ठेवते, असं तिचा नवरा म्हणायचा. तो सध्या एका मालवाहू जहाजावर होता, पार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. त्याची धाकटी बहीण म्हणजे ही नणंद. पाण्याखाली उतरून जहाजांचे तळ तपासणं हा तिचा धंदा, आणि भीती हा शब्द तिला ऐकून माहीत होता इतकंच.

हे सगळं सुरू झालं तेही नणंदेमुळेच. खाडीच्या मुखाशी एक काळा खडक आहे. त्याच्या पोटातली गुहा वर्षातल्या सगळ्यात खोल ओहोटीला दोन दिवस उघडी पडते, तेही थोडा वेळ. मागे एकदा नणंद सहज त्या गुहेत शिरली आणि दोन खेकडे घेऊन आली. नाण्याएवढे, विटकरी रंगाचे, मागच्या पायांनी स्पंजचा तुकडा पाठीवर धरून बसलेले. थंडीत घोंगडी पांघरून बसावं तसे! वहिनीने ते भिंगाखाली धरले आणि कपाटातले सगळे जुने ग्रंथ उपसून काढले. असा खेकडा आजवर कुणी नोंदवला नव्हता.

पण दोन्ही माद्या निघाल्या. खेकड्याच्या पोटाखाली एक झाकण असतं. मादीचं रुंद, नराचं निमुळतं. नराच्या झाकणाखाली दोन बारीक काड्या दडलेल्या असतात आणि त्यांच्या टोकाचा घाट प्रत्येक जातीचा वेगळा. या घराण्याची खरी ओळख त्या काड्यांत. जाणकारांनी वहिनीला स्पष्ट कळवलं होतं, नर दाखवा, मग नाव द्या.

आणि आता वेळ उरला नव्हता. बंदराची नवी लाटरोधक भिंत नेमकी त्या खडकावरून जाणार होती. पुढच्या आठवड्यात दगडांनी भरलेले तराफे येणार आणि गुहा कायमची बुजणार. भिंतीचा इंजिनिअर माणूस वाईट नव्हता. वहिनीने वर्षभर त्याच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्यावर तो म्हणाला होता, "मॅडम, बिननावाच्या खेकड्यासाठी भिंत वळवली असं सांगितलं तर मला वेड्यात काढतील. नाव आणा. मी भिंत वळवतो."

"मग जे पुरणार आहात ते एकदा डोळ्यांनी बघून तरी घ्या," वहिनी म्हणाली होती. म्हणून तर साहेब आज बोटीत होते, कडेला वाकून, डोळे मिटून.

"साहेब, नजर लांब ठेवा. आणि बोलत राहा, म्हणजे पोटाला विसर पडतो," तांडेलकाका सुकाणूवरून म्हणाले. बोट त्यांची. दाढी पांढरी, तोंड मिश्कील.

साहेबांनी बोलायचं म्हणून विचारायला सुरुवात केली आणि वहिनीला तर तेवढंच हवं होतं. खेकडा पकडायचा कसा? मागून, दोन बोटांनी, चेपायचा नाही. ठेवायचा कसा? ओल्या शेवाळात, गारव्यात. एका डब्यात एकच! दोन ठेवले तर घरी पोचेपर्यंत दीडच उरतो. थेट स्पिरिटमध्ये टाकला तर? घाबरून सगळे पाय टाकून देतो. म्हणून आधी बर्फाच्या पाण्यात हळूहळू झोपवायचा.

"आणि ही बाई त्याला झोपवायच्या आधी त्याचे आभार मानते," नणंदेने चुगली केली. "मोठ्याने! संग्रहालयातली पोरं फिदीफिदी हसतात."

"मानते," वहिनी शांतपणे म्हणाली. "त्याचा जीव घेते मी. निदान एवढं तरी."

साहेबांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. तेवढ्यात समोर खडक दिसला.

पाणी इतकं ओसरलं होतं की खडक दुप्पट उंच वाटत होता. कालवांनी पांढरी झालेली त्याची कड सुरीसारखी धारदार. बोट जवळ नेणं शक्यच नव्हतं. तांडेलकाकांनी नांगर टाकला, दोघींच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक साहेबांच्या हातात दिलं.

"तीन हिसके बसले की ओढायचं. ओकारी येत असली तरी ओढायचं!"

दोघी पाण्यात उतरल्या. पोहत पोहत खडकाला लागल्या, हातमोजे फाटले, गुडघे सोलवटले, आणि सरपटत एकदाच्या त्या फटीतून आत शिरल्या.

आत पाऊल टाकताच कानांवर आवाज आला. तव्यावर मोहरी तडतडावी तसा! डबक्या-डबक्यांत लपलेल्या बोटभर कोळंब्या आपली मोठी नांगी खाडकन मिटत होत्या आणि त्या एवढ्याशा चुटकीने सगळी गुहा दुमदुमत होती. वरच्या भोकातून उन्हाचा एक पट्टा खाली आला होता. त्यात भिंती जांभळ्या, केशरी, पिवळ्या दिसत होत्या, सगळीकडे स्पंज आणि पोवळी. वहिनी क्षणभर काम विसरली. तळघरातल्या बाटल्यांत हे सगळं पांढरंफटक होऊन तिच्यापर्यंत पोचायचं. जिवंतपणी हे असं नटलेलं असतं, हे तिने पहिल्यांदा पाहिलं आणि तिला नुसतं भरून आलं.

"रडत्येस काय? शोध!" नणंद ओरडली.

शोध सुरू झाला. एकेक स्पंज बोटाने हळूच टोकरायचा; हलला तर खेकडा, नाहीतर नुसताच स्पंज. पहिला हलला. मादी. परत ठेवली. दुसरा हलला. मादी. बराच वेळ असाच गेला. मग छोट्या पहारीने एक धोंडा उचकटल्यावर त्याच्याखाली पिवळ्या स्पंजचा एक तुकडा चक्क चालू लागला!

वहिनीने तो अलगद उचलला, उलटा केला, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. निमुळतं झाकण. सुईच्या टोकाने ते किंचित उचललं. दोन काड्या!

"वन्सं! नवरदेव!"

नणंदेने अशी आरोळी ठोकली की बाहेर बोटीवर साहेब दचकले. वहिनीने थर्मास उघडला. त्यात बर्फाचं गार पाणी होतं. "आभारी आहे रे बाबा," ती म्हणाली आणि त्याला हळूच आत सोडून झाकण लावलं.

त्याच क्षणी समुद्र फिरला.

दूर कुठून तरी उठलेली लाट फटीतून आत घुसली. छातीइतकं पाणी आलं! मघाशी उचकटलेला धोंडा गडगडला आणि नणंद किंचाळली. तिचा पाय खाली सापडला होता.

"हलू नकोस!" वहिनीने थर्मास कपारीवर ठेवला, पहार धोंड्याखाली घातली, अंगातलं सगळं बळ लावलं. धोंडा तसूभर उचलला जाई, पुन्हा बसे. दुसरी लाट आली. थर्मास कपारीवरून उचलला गेला. पाण्यावर तरंगत, डुचमळत तो वहिनीच्या खांद्यापासून हातभर अंतरावरून जाऊ लागला. एक हात लांब केला असता तर मिळाला असता.

पण पहारीला दोन्ही हात लागत होते.

"वहिनी, धर त्याला! तो गेला तर सगळं गेलं!"

"जाऊ दे!" वहिनी ओरडली. "पाय ओढ! ओढ पाय!"

पाय सुटला. थर्मास फटीतून बाहेर गेला, खडकावर आपटला, फुटला. वहिनीने दोराला हिसके दिले. एक! दोन! तीन!

दोर ताठ झाला. पुढचं दोघींना नीट आठवत नाही. पाणी, कालवांचे ओरखडे, पुन्हा पाणी, आणि मग बोटीची कड. साहेबांचे तळवे दोराने सोलून निघाले होते, पण दोर त्यांनी सोडला नव्हता.

नणंदेचा पाय नडगीत मोडला होता. फळकुटाला पाय बांधत तांडेलकाका हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, उद्याही ओहोटी एवढीच खोल आहे. यांना हॉस्पिटलात सोडून आपण..."

"उद्या तिचं ऑपरेशन असेल, काका. तिचा भाऊ इथे नाही. मीच आहे." वहिनीने नणंदेचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "बोट वळवा."

ती खडकाकडे बघून रडली नाही. नणंद जिवंत होती. तिचा हात हातात होता. एवढं मिळाल्यावर समुद्राकडे आणखी मागायचं तरी कोणत्या तोंडाने, असंच तिला वाटत होतं. साहेब समोर बसून आपल्या सोललेल्या हातांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन नीट पार पडलं. दुपारी वॉर्डातल्या खिडकीशी वहिनी उभी होती. ओहोटीची वेळ आली, आणि टळलीही.

"वहिनी," नणंद खाटेवरून म्हणाली, "माझ्यामुळे गेला गं तो."

"तो गेला, तू राहिलीस. मला हाच सौदा परवडतो. डोळे मीट आता."

इतक्यात दारात गडबड झाली. "अहो, भेटायची वेळ संपली!" असं सिस्टर कुणालातरी बजावत होत्या, आणि तो कुणीतरी ऐकत नव्हता. साहेब! पँट गुडघ्यावर फाटलेली, केसांत वाळू, तळव्यांना पट्ट्या आणि पट्ट्यांवर समुद्राची ओल. मागे तांडेलकाका, गालातल्या गालात हसत. साहेबांच्या हातात त्यांचा रोजचा ऑफिसचा चार कप्प्यांचा डबा होता.

"एका डब्यात एकच," साहेब धापा टाकत म्हणाले. "ओल्या शेवाळात. खाली बर्फ आहे. आभार मात्र मानले नाहीत, ते तुमचं तुम्ही बघा."

वहिनीने डबा हातात घेतला. "तुम्ही... गुहेत?"

"आणि काय सांगू, वहिनी," काका म्हणाले, "फटीत अडकले होते पोटापाशी! मागून मी ढकललं. पण हटले नाहीत."

"फक्त उलटे करून बघायचा धीर झाला नाही मला. चावतात हो फार," साहेब म्हणाले. "त्यामुळे आत काय आहे ते देव जाणे."

डबा खाटेवर उघडला गेला. सिस्टर रागवायला पुढे आल्या आणि तिथेच थबकल्या. पहिल्या कप्प्यात स्पंज, स्पंजखाली खेकडा. वहिनीने उलटा केला. रुंद झाकण, मादी. दुसरा कप्पा. मादी. तिसरा कप्पा उघडला आणि नणंद उठून बसायला लागली, "निमुळतं! वहिनी, निमुळतं आहे!" वहिनीने भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. कोवळ्या मादीचंही झाकण निमुळतं असतं. खाली काड्या नव्हत्या.

वॉर्डातल्या सगळ्या नजरा डब्यावर होत्या. शेजारच्या खाटेवरच्या आजीही मान उंचावून बघत होत्या. चौथ्या कप्प्यातला खेकडा सगळ्यात लहान होता. वहिनी काहीतरी टोकदार शोधू लागली, तेव्हा सिस्टरनी न विचारता एक नवी सुई तिच्या हातात दिली. तिने झाकण उचललं. पुन्हा बघितलं. मग भिंग खाली ठेवलं आणि ती साहेबांकडे बघत घळाघळा रडायला लागली.

"म्हणजे नाहीच?" साहेबांचा चेहरा पडला.

"आहे!" वहिनी कशीबशी म्हणाली. "नर आहे!"

वॉर्ड नुसता दणाणला. काकांनी साहेबांना मिठी मारली. सिस्टर "शू! शू!" करत स्वतःच टाळ्या वाजवत होत्या.

"पण साहेब, तुम्ही का गेलात?" सगळं जरा शांत झाल्यावर नणंदेने विचारलं. "हा मिळाला नसता तर तुमचं काम सोपं झालं असतं."

साहेबांनी चष्मा पुसला. "काल दोर धरून उभा होतो. थर्मास बाहेर येऊन फुटला, तेव्हा वाटलं, आता ह्या बाईचं सगळं संपलं. मग तुम्ही दोघी आलात. मॅडमनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. रात्रभर तेच डोळ्यांसमोर. म्हटलं, मॅडम जाऊ शकत नाहीत, तर दोर धरणारा तरी जाऊन येईल." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आणि गुहेतली ती भिंत! केशरी, जांभळी... त्यावर दगड टाकायला आता माझा हात धजणार नाही. तुम्ही तेवढं नाव द्या."

"तुमचंच नाव देते," वहिनी म्हणाली.

"नको नको! ऑफिसात मला आधीच खेकडा म्हणतात."

नणंद हसता हसता पाय दुखून कळवळली आणि तरीही हसत राहिली. वहिनी मात्र विचारात पडली होती. सिस्टरनी आणून दिलेल्या बर्फाच्या पाण्यात तिने त्या लहानशा नराला अलगद सोडलं, त्याच्याशी दोन शब्द हळू आवाजात बोलली आणि त्याचे पाय स्थिर होईपर्यंत भांड्यावरचा हात काढला नाही.

"कृतज्ञ," ती म्हणाली. "याचं नाव कृतज्ञ."

"वा गं वहिनी! आभार मानायचेत तुला, आणि ते मानायचे खेकड्याने?"

"मग कुणी मानायचे?" वहिनी म्हणाली. "घर त्याचं वाचलं."

साहेबांनी मान दुसरीकडे वळवली आणि डब्याची तीन झाकणं घट्ट लावायला घेतली. अंधार पडायच्या आत तिन्ही माद्या गुहेच्या तोंडाशी पाण्यात परत सोडायच्या होत्या.