कुंदनच्या नावाची नळी

रुद्र, तो टॉर्च बंद कर आधी. आणि मध्येच खिदळलास तर सांगणारच नाही, हां! ही माझ्या मावसबहिणीच्या पोरीची, प्रतिभाची गोष्ट. माणसं सायखेड्याची. साल दोन हजार सहा, सर्वपित्री अमावास्या.

प्रतिभा नाशिकला प्रयोगशाळेत पीएचडी करायची. ती सांगायची, मामा, आपल्या पेशींत हमाल असतात. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची ओझी वाहतात, त्यातून सगळी प्रथिनं बनतात. हिनं असा आरएनए घडवला होता, की तो हमालाच्या पाठीवर एकविसावं, परकं ओझं चढवायचा. पण पडताळ्याला एक नळी बिनओझ्याची ठेवायची. ती रिकामीच निघाली पाहिजे, नाहीतर सगळं काम मातीत.

आता फ्रीज सगळ्यांचा. नळ्या सारख्या कोणीतरी पळवायचं. वैतागून हिनं त्या रिकाम्या नळीवर कुंदनचं नाव लिहिलं. मेलेल्याच्या नावाला कोण हात लावतंय! कुंदन तिचा थोरला भाऊ, गोदावरीत बुडालेला. लय जीव होता त्याचा हिच्यावर. ताटातला शेवटचा घास हिच्यासाठी राखून ठेवायचा.

अंधार पडला. एकटीच होती. नळ्या काढून टेबलावर मांडल्या, तेवढ्यात फोन वाजला. तिची आई, नवसाबाई.

"सकाळधरनं पान ठिवलंय, पोरी. कावळा शिवंना. कुंदन रुसला का गं आपल्यावर?"

प्रतिभानं नळीकडे पाहिलं. सर्रकन काटा आला अंगावर. पितरांच्या दिवशी दादाच्या नावानं तिनं रिकामं भांडं मांडलं होतं.

लाईट गेली.

खिडक्या बंद. तरी नदीच्या गाळाचा वास. मागं कोणीतरी उभं होतं...

"दादा?"

...

"दादा, इथं काही नाय रे तुला. घरी जा. आई वाट बघतीये..."

टप्. थेंब पडला. मग दाराजवळ. टप्. मग काहीच नाही.

फोनमधून आई ओरडली, "शिवला गं बाई! एवढ्या अंधारात शिवला! एकच शीत नेलं बघ!"

प्रतिभा ढसाढसा रडली.

लाईट आली. नळी जागच्या जागी. झाकण घट्ट. वरची चिकटपट्टी तशीच.

आत भाताचं एक शीत होतं. खिरीनं ओलं.