सीटची आतली गाठ

कुलूप लावलं की मी ते दोनदा ओढून बघतो. घराचं, दुकानाचं, गाडीचं, कुठलंही. बायको म्हणते, "यांना स्वर्गात पाठवलं तरी आधी दाराची कडी तपासतील." म्हणू दे. माझा धंदाच तसा आहे. मी मोटरसायकलच्या सीट शिवतो आणि त्या चोरीला जाऊ नयेत याची सोयही करून देतो.

दुकान लहान आहे. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे कचेऱ्यांचं पार्किंग. रेक्झिनचा आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा वास कपडे धुतले तरी जात नाही. कामाला मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. तो डावखुरा, त्यामुळे त्याची गाठ उलट्या पिळाची पडते. त्याची शिलाई मी डोळे मिटून नुसत्या बोटांनी ओळखतो. काम त्याला मीच शिकवलं. गाठ मारली की दोरा दोनदा ओढून बघायचा, हेही माझंच.

पार्किंगमधून सीट जायला लागल्या तेव्हा आमची चलती झाली. आम्ही फोमच्या पोटातून स्टीलची वायर काढायचो, गाडीच्या सांगाड्याला वेढायचो आणि तिची टोकं एकमेकांत दाबून कायमची बंद करायचो. बोल्टसुद्धा साधे नव्हते. त्यांना लागणारा पाना आम्ही मुद्दाम घडवून घेतलेला, तसा दुसरा कुठे मिळणार नाही. कव्हरची खालची कड पिना न ठोकता मेणाच्या दोऱ्यानं हातशिलाई करून मिटवायची. शेवटची गाठ नेहमी बाहेर येते, कारण कव्हर मिटलं की हात आत जातच नाही. चोराला सीट न्यायची तर अख्खी गाडी उचलावी लागेल, असं मी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचो.

आणि मग आमच्याच सीट जायला लागल्या.

पार्किंगच्या रखवालदाराला सगळे शिट्टी म्हणतात, कारण ती त्याच्या तोंडातून निघत नाही. त्या दिवशी मात्र ती हातात धरून तो दुकानात आला. "चला, बघा आपली करामत."

गाडी जागेवर होती, सीट नव्हती. वायरचा वेढा सांगाड्याला तसाच होता, अखंड, कुठे कापल्याची खूण नाही. बोल्ट घट्ट पिळलेले, त्यांच्या डोक्यांवर जुनी धूळ. टाकी उन्हानं चटका देत होती. पण सीटखालच्या उघड्या लोखंडावर हात ठेवला तर ते गार होतं.

"पाना कुणाकडे असतो?" शिट्टीनं विचारलं.

"ड्रॉवरमध्ये. किल्ली माझ्या कमरेला."

"आणि दुकानात दुसरं कोण असतं?"

माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. धाकटा जेवून उशिरा आला की मी घड्याळाकडे बघायचो. त्याची पिशवी खुंटीवर असली की चाचपायचो. ड्रॉवरच्या फटीवर मी एक केस चिकटवून ठेवला. आणखी एक सीट गेली तरी केस जागच्या जागी होता. त्यानं माझं समाधान व्हायला हवं होतं. मला वाटलं, यानं केस पाहिला असणार.

शेवटी त्यानंच विषयाला तोंड फोडलं. "दादा, काय ते सरळ विचार ना."

"तूच नेतोस का रे?"

त्यानं हातातलं दाभण खाली ठेवलं. "मी तुझ्या हाताखाली वाढलो."

"म्हणून तर विचारतोय. दुसऱ्या कुणाला हे जमणारच नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं, पण संशय हलला नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "त्या निळ्या गाडीवर मी बसून राहतो. तुझ्या डोळ्यांदेखत. बघू या कोण नेतं ते."

रस्ता ओलांडून तो गेला आणि आमचीच सीट असलेल्या निळ्या गाडीवर माझ्याकडे तोंड करून बसला. दुपारचं ऊन होतं. फाटकाशी शिट्टी खुर्चीत बसला होता. मध्येच धाकट्यानं मला हात केला, चिडवल्यासारखा. मी काम करत होतो, पण नजर त्याच्यावरच होती. दोऱ्याला मेण लावायला मी मान खाली घातली, तेवढीच.

वर बघतो तर निळी गाडी उभी. सीट नाही. धाकटा नाही.

मी धावत गेलो. बोल्ट घट्ट. वायर अखंड. खाली त्याच्या चपला, जोडीनं, दुकानाकडे तोंड करून.

फाटकातून कुणी गेलं नाही, अशी शिट्टीनं शपथ घेतली. लोक म्हणाले, सीट घेऊन पळाला. खरं सांगायचं तर मीही तेच म्हणालो. बायको माझ्याकडे बघत राहिली. "भावोजी अनवाणी पळाले? या तापलेल्या रस्त्यावरून?" मग तिनं माझ्याशी बोलणं सोडलं. पोलिसांनी विचारलं, तुमचा संशय कुणावर? मी धाकट्याच्या चपला त्यांच्यापुढे ठेवल्या.

आज सकाळी दुकान उघडलं. काल शटरचं कुलूप मी दोनदा ओढून पाहिलं होतं.

कामाच्या टेबलावर निळ्या गाडीची सीट होती.

मनात पहिला विचार आला तो हाच, की यानं दुसरी किल्ली करून घेतली आहे.

मी सीट उचलायला गेलो. एका हातानं ती हलेना. रेक्झिन कोमट होतं, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं.

दोन्ही हातांनी ती उलटी केली. खालची कड नव्यानं शिवली होती. बारीक, दाट टाके, उलट्या पिळाचे. धाकट्याचे.

गाठ दिसेना. सगळ्या कडेवरून मी बोट फिरवलं. एका कोपऱ्यात रेक्झिनच्या खाली ती हाताला लागली.

आतल्या बाजूला.

मी ब्लेड काढलं. पण घालायचं कुठून? कुठेही घातलं तरी त्याला लागणार. मी ते खाली ठेवलं.

"अरे," मी हाक मारली.

टाक्यांमधून दोऱ्याचं इवलंसं टोक बाहेर राहिलं होतं. मी ते चिमटीत धरलं.

दोरा आतून ओढला गेला. सैल झाला.

मग पुन्हा एकदा ओढला गेला.