तांब्यावरचा पंजा

धडगावहून तोरणमाळला जाणाऱ्या जीपमध्ये मला जागा मिळाली ती मागे, घोंगडीत गुंडाळलेल्या लांबलचक गठ्ठ्याशेजारी. घाटाच्या पहिल्याच वळणाला मी कलंडले आणि घोंगडीतून डोकावणाऱ्या चकचकीत पत्र्यावर तळहात टेकला. गार... पहाटेच्या पाण्यासारखा गार.

"हात नका लावा ना," समोरचा तरुण म्हणाला. "तांबं शे ते. आज काहीच दिसाव नही, पन मंग पंजा काया पडी."

"काळा पडला तर पुसून टाका."

"कोनकोना हात पुसू?" त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि लगेच दरीकडे.

वर पोचलो तर दोघांची वाट एकच. सुरतच्या शांतीलालशेठचा डोंगरावरचा बंगला. मी तिथली नवी साइट इंजिनिअर आणि हा तळोद्याचा हेमकांत, तांब्याचं छप्पर बसवणारा.

त्या दिवसापासून मी 'मॅडम' झाले. तो ते असं काही हसून म्हणायचा, की मान देतोय की चिडवतोय तेच कळू नये. पत्र्याच्या कडेला कड दुमडायची आणि लाकडी हातोड्याने हलकेच ठोकायची, असं त्याचं काम. धुक्यातून टक्... टक्... ऐकू यायचं. ते थांबलं की मी वर बघायची, आणि मी वर बघितलं की ते पुन्हा सुरू व्हायचं. मला बघायला थांबायचा की नुसताच दम खायचा, कुणास ठाऊक.

बोलला तरी भलतंच. "मॅडम, तठे उभ्या नका ऱ्हा. हातोडा पडी."

"अजून तर पडला नाही."

"तुम्ही खाले शेतस, म्हनीसन घट धरेल शे."

मी तरातरा निघून गेले. आणि दिवसभर उगीचच हसत राहिले.

तिकडे तापीकाठच्या घरून आप्पांचा, माझ्या वडिलांचा, फोन. शहाद्याकडचं स्थळ होतं. केळीची बाग, माणसं चांगली. शनिवारी हो की नाही ते सांग, म्हणाले. नाही म्हणायला कारण सापडेना, आणि हो म्हणायला तोंड उघडेना.

शनिवारी शेठ छप्पर पाहायला आले. धुकं फाटलं, ऊन पडलं, सारं छप्पर पळसासारखं पेटलं... आणि पोर्चवरच्या उतरत्या पत्र्यावर एक काळपट पंजा. बोटंन् बोटं उमटलेली. बाकीचे सगळे डाग हेमकांत रोज संध्याकाळी चिंच-मीठ लावून काढायचा. मग हा कसा राहिला?

कोणाचा हात, शेठनी विचारलं.

"मन्हा," हेमकांत म्हणाला.

शेठनी त्याचा रुंद हात पाहिला, वरचा इवला पंजा पाहिला, आणि तेही गोंधळले. "काढून टाका," एवढं म्हणून चहाला गेले.

मी परांचीवर चढले. तो चिंचेचा गोळा घेऊन नुसताच बसला होता.

"हा चुकून राहिला, की..."

"रोज पुसाले येस," तो म्हणाला. "जीव व्हत नही. तुम्हीच पुसा."

मी चिंच घेतली. एकेक बोट पुसलं जाऊ लागलं. अंगठा तेवढा राहिला होता, तोच फोन वाजला. आप्पा.

आप्पा, त्या लोकांना नाही म्हणून कळवा, मी सांगून टाकलं. का, त्यांनी विचारलं. कुणी आहे का? मी हेमकांतकडे पाहिलं. ज्याच्याशी कधी धड बोलणंही झालं नाही, त्याचं नाव काय सांगू? घरी आल्यावर सांगते, म्हटलं. आप्पांनी फोन ठेवला. रागावले की विचारात पडले, तेही कळलं नाही.

अंगठाही पुसला. पत्रा कोरा झाला.

"काम सरनं," तो म्हणाला. "उद्या मी खाले जास, मॅडम."

"जा. पण मॅडम म्हणू नका."

"मंग काय म्हनू?"

"जागृती. म्हणून तर बघा."

त्याचे ओठ हलले... मिटले. खाली कुणीतरी चहासाठी हाका मारत होतं. मग अगदी हळू आवाज आला, "आप्पाले काय सांगशी, जागृती?"

"मला नाही सुचत. तूच घरी ये, आणि तूच सांग."

त्याने दरीकडे पाहिलं. "येसू," म्हणाला. "आप्पा चहा तरी देतीन ना?"

"चहा देतील," मी म्हटलं. "पुढचं मला काहीच माहीत नाही."