सर पालथे पडले होते

देवळामागच्या खडकावर कुणीतरी मरून पडलंय, असा राखणदाराचा फोन आला आणि निरीक्षकबाई हातातला चहा तसाच टाकून निघाल्या.

मेलेले गृहस्थ प्राध्यापक होते. जुन्या देवळांतल्या शिल्पांवर त्यांनी उभी हयात घालवली होती. दृष्टी गेल्यापासून ते मूर्ती हातांनी बघत. देऊळ उंच जोत्यावर होतं. भिंतीलगत फिरायला अरुंद वाट, मागच्या बाजूला कठडा नाही, आणि खाली दोन पुरुष खोल खडक. सर तिथे पालथे पडले होते. दोन्ही मनगटं मोडलेली, तोंडाचा पार चेंदामेंदा.

बाईंनी वर पाहिलं. बरोब्बर त्या जागी भिंतीवर आरशात बघणारी दगडी सुंदरी उभी होती. एक पाऊल घोट्यापासून तुटलेलं, तरी कमरेचा बाक असा की आता वळेल असं वाटावं. खाली रक्त, वर ते हसू. बाईंना ते हसू बघवेना.

राखणदार पुढचं अंगण झाडत होता. सरांची काठी टकटक करत मागच्या बाजूला गेली, मग आवाज थांबला, आणि बऱ्याच वेळाने काहीतरी धप्पकन पडलं, असं त्याने सांगितलं. फांदी पडली असेल म्हणून त्याने लक्ष दिलं नव्हतं.

सरांच्या खिशात रुमाल आणि मोबाइल निघाला. त्यांची घडीची काठी मात्र ना खडकावर होती, ना वरच्या वाटेवर. हवालदाराने झुडपं धुंडाळली. तिथेही नव्हती.

सरांबरोबर दोघंच आली होती, बायको आणि जुना शिष्य. शिष्य आता सरांच्याच खुर्चीवर बसत होता. मी पुढच्या दाराच्या चौकटीचे फोटो काढत होतो, असं तो म्हणाला. सरांनी परवाच भर सभेत त्याला पाथरवट म्हटल्याचंही त्याने लपवलं नाही.

"राग आला नाही?" बाईंनी विचारलं.

"रोजच यायचा. ढकलायचं असतं तर आजच कशाला?"

त्याच्या मते तो अपघात होता. मूर्ती चाचपून झाली की सर दोन पावलं मागे सरत आणि ती अख्खी मनात उभी करत. आज तसेच मागे गेले असतील.

सरांच्या पत्नी सभामंडपात खांबाला टेकून बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. डोळे कोरडे. गुडघे दुखतात म्हणून आज आपण मागे गेलोच नाही, हे एकटेच गेले, ह्यांना देऊळ पाठ होतं, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी खडकावर सापडलेलं घड्याळ ओळखायला दिलं. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, घड्याळ निरखलं आणि ह्यांचंच आहे म्हणाल्या.

बाईंनी उघड्या पिशवीत एकदा पाहिलं. मग त्यांनी शिष्यालाही मंडपात बोलावलं.

"मागे सरताना पडणारा माणूस पाठीवर आपटतो," त्या म्हणाल्या. "सर पालथे पडले, हात पुढे करून. म्हणजे त्यांची पाठ भिंतीकडे होती आणि ते समोर काहीतरी चाचपत होते. समोर तर नुसती हवा. या भिंतीला कोपऱ्यात कोपरे आहेत, तिथे डोळस माणूसही भांबावतो. कुणीतरी खांदे धरून त्यांना वळवलं आणि सांगितलं, मूर्ती समोर आहे."

शिष्याचा चेहरा पडला. "मी नव्हतो हो."

"तुम्ही नव्हताच. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून सरांनी काठी मिटून बरोबरच्या माणसाकडे दिली. काकू, मघाशी चष्मा काढताना ती तुमच्या पिशवीत दिसली. तुम्ही मागे गेला नव्हतात, तर ती तुमच्याकडे आली कशी?"

काकूंनी काठी काढून शेजारी ठेवली. मग त्या संथपणे बोलू लागल्या. त्यांना एक मुलगी होती, एका पायाने अधू. खंडित मूर्ती घरात ठेवत नाहीत, असं म्हणून सरांनी तिला लहानपणीच दूरच्या संस्थेत ठेवलं. संस्थेचे फोन सरांनाच येत. पुस्तकाचं काम आहे म्हणून यंदा त्यांनी काकूंना भेटायलाही जाऊ दिलं नव्हतं.

"आज ह्या सुंदरीच्या तुटक्या पायावर हात ठेवून हे म्हणाले, पाय नाही तरी हिचा तोल बघ. आपल्या मुलीत ते नव्हतं. मी विचारलं, नव्हतं म्हणजे? तर म्हणाले, ती हिवाळ्यातच गेली. तू रडारड केली असतीस, माझं पुस्तक अडलं असतं. चल, पुढची मूर्ती दाखव."

काकूंनी पदर सारखा केला.

"मी दाखवली."



"ते ओरडले?" बाईंनी विचारलं.

"नाही. कुठे आहे, कुठे आहे म्हणत हात लांब करत होते. मी म्हटलं, अजून एक पाऊल."

महिला शिपायाने त्यांचा दंड धरला. त्या निमूट उठल्या, मंडपाच्या उंबऱ्याशी मात्र थबकल्या.

"मॅडम, मी घाई केली," त्या म्हणाल्या. "माझी पोर कशाने गेली, तेवढं विचारायचं राहून गेलं."